मुद्दा दुसऱ्या कडव्यात आहे!

नगरसेविका झालेल्या बाईच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे सत्काराच्या शाली, आणि दुसरे किस्से. शालींना निदान कसर तरी लागते. किस्से तसेच टिकतात, उलट दरवर्षी थोडे फुगतात. परवा सानपाड्याला एका बारशाला गेले, तर चार बायका मला घेरूनच बसल्या. “काकी, तो फॉर्मचा किस्सा सांगा ना!” एक सांगितला की दुसरा त्याचं शेपूट धरून बाहेर येतो. शेवटी ठरवलं, लिहूनच टाकावं. तोंडी सांगताना कोणीतरी मध्येच चहा आणतं आणि नेमका शेवट हुकतो.

आधी माझी ओळख. मी चांगुणा. शिरवण्याच्या बाजूच्या एका जुन्या गावची. शाळेची पायरी मी पहिल्यांदा चढले ती मतदान करायला. अक्षरं शिकले सुक्या जवळ्याच्या पुड्या बांधता बांधता. पुडी बांधायची रद्दीत, आणि बांधायच्या आधी वाचायची. त्यामुळे माझं सगळं वाचन अर्धवट. प्रत्येक बातमीचा शेवट गिऱ्हाइकाच्या घरी गेला!

कविता मात्र आईकडून आली. आई धवलारीण होती, म्हणजे आमच्याकडे लग्न लावताना गाणी म्हणणारी बाई. तिच्या मागे बसून बसून माझ्या तोंडात ताल बसला. पुढे अक्षरं आली आणि मी लिहायला लागले. कोणाला विचारून नाही लिहिलं. आणि कोणी विचारलं असतं तर सांगितलंही नसतं.

राजकारणात आले ती एका तळ्यापायी. आमच्या गावचं जुनं तळं. गुरं त्यातच, धुणं त्यातच, गौरीविसर्जन त्यातच. भोवती नवं शहर उभं राहिलं, आणि एक दिवस कळलं की शहराच्या नकाशात तळं नाहीच! तिथे नुसती रिकामी चौकट. चौकट रिकामी दिसली की ती भरायला कोणीतरी येणारच, हे सांगायला शिक्षण लागत नाही. त्यात पालिकेची पहिली निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. गावातले पुढारी तोंडं पाडून बसले. मी म्हटलं, “तोंडं वर करा. मी उभी राहते. तळं नकाशात आणते.”

* * *

फॉर्म भरायला गेले. त्यात एक रकाना होता, ‘व्यवसाय’. मी लिहिलं, ‘कवयित्री’.

साहेबांनी चष्मा वर केला. “बाई, हा व्यवसाय नाही.”

“मग काय लिहू?”

“गृहिणी लिहा.”

“तो व्यवसाय आहे?”

“हो.”

“पगार कोण देतो?”

साहेबांनी चष्मा परत खाली केला. मी म्हटलं, “दोन्हीकडे बिनपगारीच आहे, तर मला आवडतं ते राहू द्या!” राहू दिलं बिचाऱ्यांनी.

पण खरी मजा प्रचारात झाली. पक्षाने रिक्षावर भोंगा लावला. पोरगं दिवसभर ओरडत फिरतंय, “आपल्या लाडक्या उमेदवार, कवयित्री चांगुणाबाई!” मी रिक्षात मागेच हात जोडून बसलेली. आमच्या आळीतली म्हातारी पार्वती ओट्यावरून उठली, काठी टेकत रिक्षाला आडवी आली आणि भोंग्यावाल्यावर खेकसली, “अरे, कवा येतरी, कवा येतरी काय ओरडतंस मेल्या? ती आली नं हाय, मागं बसलीय!”

त्या दिवसापासून अर्ध्या वॉर्डात माझं नाव ‘कवायेतरी’ पडलं. निवडूनही आले. पार्वती सगळ्यांना सांगत सुटली, “बगा, मी सांगितलं व्हतं, ती आली!”

* * *

पहिली महासभा. आमचे गटनेते भाऊसाहेब. सभागृहात पक्षाने काय बोलायचं, कोणी बोलायचं आणि मुख्य म्हणजे कोणी बोलायचं नाही, हे ठरवणारा माणूस. कडक पांढरे कपडे, कमरेला पेजर. मला आधीच बजावलेलं, “काकी, पहिले सहा महिने फक्त ऐका.”

मी सहा मिनिटं ऐकलं. मग उठले. तळ्यावर बोलायचं म्हणून रात्रभर घोकून आलेली. पण समोर एवढी डोकी पाहिली आणि भाषण पार विसरले. तोंडातून आपोआप कविता सुरू झाली. तळं कसं होतं, पाणी कसं होतं, कमळं कशी होती.

पहिलं कडवं संपलं. महापौरांनी घंटी वाजवली. “काकी, काकी! मुद्द्यावर या.”

“मुद्दा दुसऱ्या कडव्यात आहे!”

सभागृह असं हसलं की पंखे थांबतील वाटलं. माझ्या शेजारच्या बाकावर झुबेदाबी होती. तिचं माहेर समुद्रकाठचं, सासर व्यापाऱ्यांचं, स्वभाव मिरचीचा. ती उठली आणि म्हणाली, “साहेब, इथे बाकीच्यांच्या भाषणात मुद्दा दहाव्या कडव्यातपण नसतो. काकीचा दुसऱ्यात आहे म्हणते तर ऐका ना!”

दुसरं कडवं झालं. कामकाजात नोंदही झाली. एवढंच की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापून आलं, ‘सभागृहात मनोरंजन’. तो पेपर मी ठेवला नाही. त्यात जवळा बांधला.

* * *

त्या काळी बाई निवडून आली तरी साहेब लोक विचारायचे, “मिस्टर कुठायत?” बायकोच्या खुर्चीवर नवराच बसायचा आणि बाई घरी भाकऱ्या थापायची.

आमच्या घरवाल्यांना एकदा एका साहेबांनी बोलावून घेतलं. ते बिचारे आयुष्यभर मिठागरात राबलेले, कमी बोलणारे. साहेबांनी खुर्ची दिली, कोल्ड्रिंक दिलं, गटाराच्या कामाचा कागद पुढे केला. “बाईंच्या वतीने तुम्ही जरा नजर टाका. तांत्रिक आहे, त्यांना कळायचं नाही.”

यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, परत दिला. म्हणाले, “साहेब, वाचायचं काम तिचं हाय. घरात कोलंबी सोलायचं माझं. कोलंबी असंल तर बोला!”

आणि कोल्ड्रिंक पिऊन घरी आले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर एकच कविता केली, ती त्या दिवशी. वाचून दाखवली तर म्हणाले, “बरी हाय. कोलंबीचा उल्लेख पायजेल होता.”

* * *

आता गालाचा किस्सा.

तळ्यात गाळ साठला होता. गाळ काढला तर तळं जगणार, नाही तर ‘हे तर डबकंच आहे’ म्हणून बुजवायला मोकळे. मी लिहिताना शुद्ध लिहिते, त्यावर मेहनत घेतलीय. पण रागावले की माझी बोली वर येते, आणि आमच्या बोलीत ‘ळ’ला जागा नाही. तो ‘ल’ होतो. तर मी सभेत टेबल बडवून ओरडले, “तल्याचा गाल काढा! आजच्या आज गाल काढा!”

नोंद घेणारा माणूस नवा. त्याने ऐकलं तसं लिहिलं. पत्र खात्याकडे गेलं. महिन्याने खात्याचं सहीशिक्क्याचं उत्तर माझ्या हातात पडलं: ‘सदर तलावाची पाहणी केली असता त्यास गाल असल्याचे आढळून आले नाही. सबब काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’

झुबेदा हसून हसून बाकावरून खाली सरकली. मी तशीच नगरसचिवांच्या केबिनमध्ये. सभेचं सगळं दप्तर या गृहस्थांच्या ताब्यात. नाव जगदाळे, मूळ साताऱ्याकडचे, अतिशय सरळ माणूस. त्यांनी पत्र वाचलं, ओठ दाबले आणि म्हणाले, “चूक झाली ताई. काय करू सांगा.”

मी म्हटलं, “तळ्याचे गाल त्यांना सापडत नसतील तर राहू द्या. सही करणाऱ्या साहेबांचे दाखवा. पुढचं मी बघते!”

तेव्हापासून जगदाळे माझ्या भाषणाची नोंद स्वतः घ्यायचे. गाळ मात्र निघाला नाही. ‘निधी नाही’ असं शुद्ध मराठीत उत्तर आलं.

* * *

इकडे साहित्यिकांनाही माझा शोध लागला. वाशीला एका हॉलमध्ये कविसंमेलन होतं, मला बोलावलं. मी नवी साडी नेसून गेले. सभागृहात म्हणतात, कविता नको मुद्दा बोला. इथे तरी कवितेला कविता म्हणतील, अशी आशा.

मी ‘गाळ’ नावाची कविता वाचली. टाळ्या पडल्या. एक दाढीवाले कवी भारावून जवळ आले. “काकी, केवढी मोठी प्रतिमा! हा गाळ म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मनात साचलेला तो... तोच ना?”

“नाही हो. गाळ म्हणजे गाळ. साडेतीन फूट आहे. बांबू घालून मोजलाय.”

त्यांचा चेहरा पडला. पण हलले नाहीत. इकडेतिकडे बघून हळूच खिशातून कागद काढला. मला वाटलं, यांची कविता. कागदावर लिहिलेलं, ‘आमच्या सोसायटीसमोरील ड्रेनेजचे झाकण बदलून मिळणेबाबत.’

त्या संमेलनात मला एकूण तीन वेळा वन्स मोअर मिळाला. झाकणंही तीन बदलावी लागली!

* * *

दोन-तीन वर्षं अशी गेली. तळं तसंच, गाळ तसाच, कविता मात्र वहीभर. एक दिवस गटनेते भाऊसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं मागवली. भाऊंनी बिस्किटं मागवली की समजायचं, काहीतरी काढून घेणार आहेत.

“काकी, स्पष्ट बोलू का?”

“बोला. मी कधी अस्पष्ट ऐकत नाही.”

“तुमच्या कवितांमुळे लोक हसतात. पार्टीचं हसं होतं. तुम्ही कविता बंद करा, तळ्याचा विषय मी सभेत आणतो. पत्रिकेवर. माझा शब्द.”

“घरी लिहिली तर?”

“घरी पण नको. तुमच्या घराला खिडक्या आहेत.”

मी मनात हिशेब मांडला. कविता माझी एकटीची, तळं गावाचं. म्हटलं, “दिला शब्द.”

वही फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. तीन महिने एक ओळ लिहिली नाही. हाताला खाज सुटल्यासारखं व्हायचं. घरात मी उगाच सगळ्यांवर तुटून पडायला लागले. शेवटी घरवाले म्हणाले, “चांगुने, पयले तू भांडत व्हतीस तवा यमक तरी जुलत व्हता. आता नुसता भांडान. ऐकवत नाय.”

तीन महिन्यांनी महासभेची पत्रिका घरी आली. भाऊ शब्दाला जागले होते. तळ्याचा विषय होता! विषय क्रमांक सात. मी चष्मा पुसून वाचला: ‘गावठाणातील जुन्या खड्ड्याची भरणी करून त्या जागी व्यापारी संकुल उभारणेबाबत.’

‘आणतो’ म्हणाले होते. काय आणतो ते मी विचारलंच नव्हतं!

भाऊंना फोन केला. “अहो काकी, संकुलाला तळ्याचंच नाव देऊ ना! ‘तलाव प्लाझा’!” आणि वर म्हणाले, “पार्टीचा आदेश आहे, विषय सातवर कोणी बोलायचं नाही. तुम्ही तर नाहीच.”

मी फोन ठेवला आणि माळ्याला शिडी लावली.

* * *

महासभेची एक रीत आहे. सुरुवातीला दुखवट्याचे ठराव होतात. कोणी मोठा माणूस गेला, कोणाचे वडील गेले, तर एक सदस्य उठून चार शब्द वाचतो. सगळे माना खाली घालून बसतात. त्या वेळी घंटी नाही, हरकत नाही, ‘मुद्द्यावर या’ नाही. मेलेल्या माणसाला मध्येच थांबवायचं धाडस अजून कोणाला झालेलं नाही. मग दोन मिनिटं उभं राहायचं, बसायचं, आणि पुढचा विषय.

आणि दुसरी रीत अशी की दुखवटा कोणी ऐकत नाही. एवढ्या माना खाली असतात त्या पत्रिका वाचण्यासाठी किंवा डुलकी काढण्यासाठी.

त्या दिवशी एका माजी सरपंचांचा ठराव झाला. महापौरांनी विचारलं, “आणखी कोणाचा?”

मी उठले. “माझा आहे. आमच्या गावची थोरली.”

“अरेरे,” महापौर म्हणाले. “वाचा काकी.” आणि त्यांनी मान खाली घातली.

मी पदर डोक्यावर घेतला, कागद उघडला आणि आई लग्नात लावायची त्या सुरात नाही, तर मयताच्या घरी बोलतात त्या आवाजात वाचायला लागले:

“गावामधली थोरली ती,
साऱ्यांचीच माय,
भर उन्हाळ्यात तिचे
ओले होते पाय.

लेकी न्हाल्या, सुना न्हाल्या,
म्हशी न्हाऊन गेल्या,
दर साली गौरी तिने
पदराखाली नेल्या.

नकाशात ती नाही म्हणून
मेली असं ठरलं,
अजून तिच्या गळ्यापाशी
पाणी आहे भरलं.

सभागृहाला विनंती माझी
जोडून दोन्ही हात,
जिवंत बाई पुरायची आहे,
विषय क्रमांक सात!”

कोणीतरी “फार वाईट झालं” म्हणालं. झुबेदाने तोंडावर ओढणी धरली. ती रडतेय असंच सगळ्यांना वाटलं. महापौरांनी सवयीने म्हटलं, “सभागृहाने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहावी.”

खुर्च्या सरकल्या. अख्खं सभागृह उभं. आमचा पक्ष, समोरचा पक्ष, कोपऱ्यातले अपक्ष, सगळे. भाऊ पेजरवरच्या निरोपाला फोन करायला बाहेर गेले होते. दारातून आत आले, सगळे उभे दिसले, तेही जागच्या जागी थांबले. हात जोडले, डोळे मिटले. वर गॅलरीत पत्रकार मात्र लिहीत होते. ते बिचारे ऐकायचा पगार घेतात.

सव्वा मिनिटाच्या सुमारास महापौरांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काहीतरी पेटलं असावं. पण श्रद्धांजलीत बोलता येत नाही. त्यांना पाऊण मिनिट तसंच एका डोळ्यावर काढावं लागलं!

सगळे बसले. विषय एक झाला, दोन झाला, सहा झाला.

“विषय क्रमांक सात,” महापौर अगदी हळू म्हणाले. “सूचक?”

भाऊ झोकात उठले. “अध्यक्ष महोदय, सदर खड्डा भरणी करण्याची सूचना मी...”

“हरकत आहे!” मी उभी. “आत्ताच या सभागृहाने त्याच तळ्यासाठी दोन मिनिटं दुखवटा पाळला. जिवंत पुरू नका म्हणून. नोंद वाचा.”

“काय बोलताय काकी? कसला दुखवटा? तो कोण्या बाईचा होता!”

“नोंद वाचा.”

जगदाळे उठले. घसा साफ केला. माझी कविता त्यांनी सरकारी आवाजात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. या वेळी मात्र सगळ्यांनी ऐकली. शेवटी त्यांनी जोडलं, “सभागृहाची एकमताने, उभे राहून, श्रद्धांजली. सन्माननीय गटनेतेही सहभागी.”

भाऊ ओरडले, “मी ऐकलंच नव्हतं!”

गॅलरीतून आवाज आला, “साहेब, हे छापू का?”

भाऊ बसले. महापौरांनी विचारलं, “दुसरा कोणी सूचक?” समोरच्या बाकावर कोणी बुटाची नाडी बांधत होतं, कोणी छताकडे बघत होतं. महापौर पुन्हा म्हणाले, “सूचक?” सूचक नाही. विषय मांडणारा सूचक नसला तर विषय पुढे जात नाही, हे मला पुड्या बांधताना कोणी शिकवलं नव्हतं, पण सभागृहात बसून मी तेवढं शिकले होते. महापौरांनी घाम पुसला. “विषय क्रमांक सात, दप्तरी दाखल.” तिथे माझं तळं वाचलं.

सभा सुटली. मी आणि झुबेदा जिना उतरत होतो. मधल्या वळणावर भाऊ उभे. खाली दारात पत्रकारांचा घोळका वाट बघतोय, म्हणून त्यांचा पाय खाली पडेना. मला पाहिलं आणि दात खाऊन म्हणाले, “काय काकी, झालं मनासारखं? आता तुमच्या थोरलीचं दहावं कधी घालताय?”

मी खाली बघितलं, मग भाऊंकडे बघितलं.

“आत्ताच, भाऊ. कावळे केव्हाचे जमलेत. पिंड तेवढा जिन्यात अडकलाय!”